खोडलेलं वर्ष परत लिहा

*ताई, मी ६१ वर्षांचा. रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून गेल्या वर्षी निवृत्त झालो. राहायला मुलुंड पूर्वेला, घर स्वतःचं. मिळालेल्या पैशातले वीस लाख २०२४ सालीच ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, आठ लाख मोकळे आहेत. माझा मेहुणा बॅलार्ड इस्टेटला एका जहाज एजंटाच्या ऑफिसात तीस वर्षं होता. तो म्हणतो, एका जहाज कंपनीचा शेअर ७५० ला आहे, गेल्या वर्षीचा नफा शेअरमागे १५०, म्हणजे पीई (भाव भागिले शेअरमागचा नफा) पाच, पाच वर्षांत पैसे वसूल, आठही लाख घाल. त्याचाच मुलगा, माझा भाचा, म्हणतो की एका वर्षाच्या नफ्यावर जाऊ नका, दहा वर्षांचा नफा महागाई धरून आजच्या रुपयात आणा आणि त्याची सरासरी घ्या. मी तसं करून पाहिलं, पीई पावणेनऊ आला. कागद सोबत जोडला आहे. ही पद्धत एकट्या कंपनीला लावता येते का? आणि पावणेनऊ म्हणजे स्वस्त की महाग?*
*एक वाचक, मुलुंड*

नमस्कार,

तुमच्या पत्रापेक्षा सोबतचा वहीचा कागद मी जास्त वेळ पाहिला. पट्टीनं मारलेल्या रेघा, एकाखाली एक दहा वर्षं, शेजारी शेअरमागचा नफा, त्याशेजारी महागाईचा निर्देशांक. २०१८-१९ समोर तुम्ही उणे १६ लिहिलंय आणि मग ते पेन्सिलीनं खोडलंय. बाजूला 'अपवाद' असा शेरा आहे. त्याचं अक्षर वेगळं दिसतं, मेहुण्यांचं असावं.

उत्तर आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. आठ लाख त्या शेअरमध्ये घालू नका. भाच्यानं सांगितलेली पद्धत बरोबर आहे, आणि या धंद्याला तर ती हवीच. पण तुमच्या कागदावर दोन चुका राहिल्यात. त्या दुरुस्त केल्या की पावणेनऊचे बारा होतात. कंपनीचं नाव मी इथे छापत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून सगळे आकडे एकाच प्रमाणात बदलून घेतलेत. हिशेब त्यानं बदलत नाही.

आधी त्या पाचच्या पीईबद्दल. समजा लालबागला कोणी मखराचं, सजावटीच्या सामानाचं दुकान विकायला काढलंय. तुम्ही बघायला गेलात, तर मालकानं गणपतीच्या आधीच्या महिन्याचा गल्ला पुढे ठेवला, त्याला बारानं गुणलं आणि म्हणाला, बघा, वर्षाला एवढं सुटतं. तुम्ही तिथून सरळ उठाल. गणपतीनंतर पितृपक्षात त्या दुकानात कोण फिरकतं हे मुंबईतल्या माणसाला सांगावं लागत नाही. जहाजांच्या धंद्यातही असाच हंगाम असतो, पण तो दोन-दोन, तीन-तीन वर्षं चालतो. इतका लांब चालला की तो हंगाम वाटेनासा होतो, कायमची कमाई वाटायला लागते.

तो का येतो आणि का जातो, हे तुमचे मेहुणे माझ्याहून चांगलं सांगतील. माल हलवायची गरज वाढते, जहाजं तेवढीच असतात, भाडी चढतात. भाडी चढली की प्रत्येक मालक कोरिया-चीनच्या यार्डात नव्या जहाजांची ऑर्डर देतो. ती बांधून यायला दोन-तीन वर्षं लागतात आणि येतात ती सगळी साधारण एकाच सुमाराला. तोवर मागणी थोडी जरी मंदावली असेल तरी भाडी कोसळतात, कारण जहाज नुसतं उभं ठेवण्यालाही खर्च येतो, म्हणून मालक मिळेल त्या भाड्याला निघतो. मग जुनी जहाजं अलंगला तोडायला जातात, नव्या ऑर्डरी थांबतात, आणि काही वर्षांनी पुन्हा टंचाई.

या वेळच्या तेजीला आणखी दोन कारणं मिळाली. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियाचं जे तेल जवळच्या युरोपात जायचं ते लांबच्या भारत-चीनकडे यायला लागलं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले, तेव्हा जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. माल तोच, वाट मात्र लांबली, म्हणजे तेवढ्याच मालाला जास्त जहाजं गुंतली. तुमच्या कागदावर शेवटच्या तीन वर्षांपुढे ११०, १४० आणि १५० आहे ना, ते यातून आलंय. कंपनी चांगली चालवलेली असेल, मला तिच्याबद्दल काही वाईट म्हणायचं नाही. पण भाडी तिच्या हातात नाहीत.

म्हणूनच अशा धंद्यात साधा पीई उलटं बोलतो. तेजीच्या टोकाला नफा फुगलेला असतो, पीई तीन, चार, पाच दिसतो आणि शेअर स्वस्त वाटतो. मंदीच्या तळाला नफाच उरत नाही. तुमचं २०१७-१८ घ्या, बोनस धरून (त्याचा हिशेब पुढे येतोच) शेअरमागे नफा दोन रुपये. तेव्हा शेअर १५० ला असता तरी पीई ७५ दिसला असता, आणि सगळ्यांनी महाग म्हणून सोडून दिला असता. पुढच्या वर्षी तोटा, म्हणजे पीई निघतच नाही. घ्यायची वेळ बहुधा तीच असते, आणि नेमका तेव्हा हा आकडा गप्प बसतो.

हे मी स्वतः भोगलंय. २००८ च्या मार्चमध्ये माझे वडील गोदीतून निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीतले दीड लाख त्यांनी माझ्या हातात दिले, कारण घरात शेअरमधलं थोडंफार कळणारी मी एकटीच होते. मी एका जहाज कंपनीचा शेअर घेतला. पीई चारच्या जरा वर होता. वडिलांना मी अगदी हेच वाक्य सांगितलं होतं, चार वर्षांत पैसे वसूल. त्याच वर्षी २० मे रोजी बाल्टिक ड्राय इंडेक्स ११,७९३ वर गेला. कोळसा, लोहखनिज, धान्य असा सुटा माल नेणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा हा लंडनचा निर्देशांक. ५ डिसेंबरला तो ६६३ होता. पुरते सात महिनेसुद्धा लागले नाहीत. आमच्या दीड लाखाचे पन्नास हजारांच्या आसपास उरले. वडिलांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. रोज सकाळी पेपरातलं भावांचं पान मात्र उघडायचे, बारीक अक्षरातल्या ओळीवर बोट धरून तो भाव वाचायचे आणि पान मिटायचे. २०१२ ला मी ते शेअर साठ हजारांना विकून टाकले. नंतर एकदा त्या कंपनीचे आधीच्या दहा वर्षांचे नफे काढून मांडले, तर मी घेतला त्या भावाला पीई सोळाच्या वर येत होता. एका संध्याकाळचं काम होतं, आणि ते मी पैसे घालण्याआधी केलं नव्हतं. म्हणून तुमचा कागद आला तेव्हा मला खरंच बरं वाटलं. तुम्ही ते आधी करताय.

आता पद्धत. एका वर्षाच्या नफ्यावर भाव ठरवू नका, निदान पाच वर्षांची, जमल्यास सात किंवा दहा वर्षांची सरासरी घ्या, हे बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड या गुंतवणुकीच्या अमेरिकन अभ्यासकांनी १९३४ मध्येच लिहून ठेवलंय. अमेरिकन बाजाराची १९२९ ची पडझड तेव्हा ताजी होती. त्यांच्या सरासरीत महागाईचा हिशेब नव्हता. तो जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८८ मध्ये आणला आणि सगळ्या अमेरिकन बाजाराला लावला. त्याला आता शिलर पीई किंवा केप म्हणतात. २०१३ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलच्या तीन मानकऱ्यांत शिलर होते. या आकड्याचा उपयोग कधी कळला म्हणाल तर २००९ मध्ये. अमेरिकन कंपन्यांचे नफे इतके आटले की एस अँड पी ५०० या तिथल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा साधा पीई त्या वर्षी शंभराच्या वर गेला. बाजार अर्ध्याहून खाली आलेला, आणि पीई म्हणतोय की कधी नव्हे इतका महाग! त्याच मार्चमध्ये दहा वर्षांचा पीई तेराच्या आसपास होता, म्हणजे स्वतःच्या सोळा-सतराच्या दीर्घ सरासरीच्या खाली. पुढे बाजार कुठे गेला ते आपण पाहिलंय.

महागाई का धरायची, हे रेल्वेतल्या माणसाला समजवायला मला महागाई भत्ता पुरे आहे. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला तेव्हा भत्ता शून्यावरून सुरू झाला. जानेवारी २०२५ ला तो ५५ टक्के होता. म्हणजे २०१६ च्या शंभर रुपयांत घरात जे येत होतं त्याला तेव्हा १५५ लागत होते, असं सरकारच मान्य करत होतं. मग २०१५-१६ मध्ये कंपनीनं मिळवलेले ४२ रुपये आणि आज मिळवलेले ४२ रुपये एकाच रकान्यात बेरजेला कसे घ्यायचे? जुन्या नफ्यालाही त्याचा भत्ता द्यायला हवा. तुम्ही वापरलेला अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक, २०१२ पायाचा, २०१५-१६ ला सरासरी १२४.७ होता आणि २०२४-२५ ला १९२.६. भागाकार केला की १.५४ येतात. तुमच्या भत्त्याच्या अगदी शेजारी. ४२ चे झाले ६५.

जिथे महागाई वर्षाला दीड-दोन टक्के असते तिथे हे केलं काय, न केलं काय, फार फरक पडत नाही. आपल्याकडे या काळात सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास राहिली, त्यामुळे पडतो. त्याची दुसरी बाजूही बघा. एखादी कंपनी अभिमानानं सांगते की नऊ वर्षांत नफा दीडपट केला. त्या काळात निर्देशांकही दीडपटीच्या वर गेलाय. म्हणजे ती होती तिथेच आहे.

तुम्ही समासात एक शंका लिहिली आहे, जहाजांचं भाडं डॉलरमध्ये येतं, मग भारतातली महागाई का? शंका चांगली आहे. पण आपण मोजतोय ते तुमच्या रुपयाच्या नजरेनं. नफा शेवटी रुपयात मांडला जातो आणि तुम्ही तो मुलुंडच्या बाजारात खर्च करणार आहात. तेव्हा आपलाच निर्देशांक.

आता कागदावरच्या चुका. पहिली चूक २०१८-१९ खोडण्याची. तोट्याचं वर्ष अपवाद म्हणून काढलं तर तेजीची तीन वर्षंही अपवाद म्हणून काढावी लागतील, मग सरासरीला उरलं काय? वाईट वर्षं आत घ्यायची म्हणूनच तर दहा वर्षं मोजायची. ते एक वर्ष परत घेतलं की तुमचेच आकडे पावणेनऊवरून दहावर जातात.

दुसरी चूक तुमची म्हणता येणार नाही, ती भल्याभल्यांची होते. कंपनीनं सप्टेंबर २०२० मध्ये एकास एक बोनस दिला होता. एका शेअरचे दोन झाले, म्हणून त्याआधीचा शेअरमागचा नफा आजच्या हिशेबात निम्मा धरायला हवा. तुम्ही प्रत्येक वर्षाचा जुना वार्षिक अहवाल उघडून आकडा उतरवलात. त्यासाठी घेतलेली मेहनत दिसते, पण जुन्या अहवालाला पुढच्या बोनसची खबर नसते. नंतरचा अहवाल फार तर मागचं एक वर्ष सुधारून दाखवतो, त्यापलीकडे आपण हातानं भागायचं. तुमच्या २०१५-१६ समोर ८४ आहेत, तिथे ४२ हवेत. त्याखालचे ६०, ४, उणे १६ आणि २८ यांचे ३०, २, उणे ८ आणि १४ होतील. २०२०-२१ पासूनचे ४०, ३६, ११०, १४०, १५० बरोबर आहेत. हे सगळं महागाई धरून आजच्या रुपयात आणलं की साधारण ६५, ४४, ३, उणे ११, १८, ५०, ४२, १२१, १४७ आणि १५० येतात. बेरीज ६२९ च्या आसपास, सरासरी ६३. भाव ७५०. भागाकार बारा.

शेअरची फोड झाली असेल, म्हणजे एका शेअरचे लहान दर्शनी किमतीचे अनेक केले असतील, तरी हेच करायचं. आणि हक्कभाग (जुन्या भागधारकांना विकत दिलेले नवे शेअर) किंवा इतर नवे शेअर काढून कंपनीनं भांडवल वाढवलं असेल, तर एकूण नफ्यावर न जाता शेअरमागच्याच नफ्यावर चाला, कारण तुम्ही विकत घेताय तो एक शेअर. आकडे एकत्रित खात्यातले घ्या, उपकंपन्या धरून. कंपनीच्या एकट्याच्या खात्यातले काही आणि एकत्रित काही, अशी भेसळ झाली तर सगळा हिशेब वाया. राष्ट्रीय शेअर बाजारानं २०२१ च्या मार्चअखेर निफ्टीचा पीई एकत्रित नफ्यावर काढायला सुरुवात केली, तेव्हा तो एका रात्रीत चाळीसच्या वरून तेहतीसच्या आसपास आला होता. बाजार तिथेच होता, फक्त नफा मोजायची रीत बदलली.

आता तुमचा खरा प्रश्न, बारा म्हणजे काय. नुसत्या आकड्यानं बघितलं तर बारा काही भयंकर नाही. ७५० रुपयांमागे दहा वर्षांच्या सरासरीनं ६३ रुपये नफा, म्हणजे आठ टक्क्यांच्या वर, आणि तोही आजच्या रुपयात. तुमची बचत योजना ८.२ टक्के देते, पण त्यातून महागाई वजा व्हायची आहे. हे वाचून मेहुणे म्हणतील, मग चांगलंच आहे की! म्हणून इथे थोडं थांबते.

हा आठ टक्के कंपनीचा नफा आहे, तुमच्या हातात येणारा लाभांश नव्हे. जहाज गंजतं, झिजतं, पंचवीसेक वर्षांत तोडायला जातं, त्याच्या जागी नवं आणावं लागतं. खात्यात घसारा धरलेला असतो तो पंधरा वर्षांपूर्वीच्या खरेदीच्या किमतीवर. नवं जहाज आजच्या किमतीला येणार. म्हणजे नफ्यातला बराच भाग नवं लोखंड घ्यायला जाईल, आणि तेजीत घेतलं तर जास्तच जाईल. अहवालात 'इतर उत्पन्न' आणि 'अपवादात्मक बाबी' या दोन ओळी बघा. तेजीत जुनी जहाजं चढ्या भावानं विकून आलेला पैसाही नफ्यात मिसळलेला असतो. तो काढून सरासरी पुन्हा घ्या. माझा अंदाज आहे की ६३ टिकणार नाहीत.

शिवाय तुमच्या दहा वर्षांत तेजीची तीन आलीत. ती तीन हातानं झाकून उरलेल्या सातांची सरासरी काढलीत तर ती फक्त तीस भरते. तिनं ७५० ला भागलं तर पंचवीस. वर मी वाईट वर्षं काढू नका म्हटलं आणि इथे चांगली झाकते आहे, हे मला दिसतंय. ही किंमत ठरवण्याची रीत नाही, किती सरासरी त्या तीन वर्षांच्या खांद्यावर उभी आहे हे बघण्याची आहे. एरवीच्या सात वर्षांत ही कंपनी आजच्या रुपयात तीस मिळवत होती. पुढची पाच वर्षं त्यातल्या कुठल्या गटात बसतील हे भाडी ठरवतील, आणि यार्डांत सांगितलेली जहाजं ठरवतील.

ही पद्धत एकट्या कंपनीला लावता येते का, हेही तुम्ही विचारलंय. लावता येते, पण कंपनी बघून. ज्या धंद्याला चढउताराचा फेरा आहे आणि जो दहा वर्षांपूर्वीही आजच्यासारखाच होता, तिथे ती उत्तम चालते. जहाज, पोलाद, सिमेंट, साखर ही त्यातली घरं. बाजाराला लावताना एखादी कंपनी बुडाली, बदलली तरी बाकीच्या सांभाळून घेतात. एकट्या कंपनीला असा आधार नसतो. जिचा नफा दहा वर्षांत दहा रुपयांवरून ऐंशीवर सरळ चढत गेलाय, तिला ही सरासरी लावलीत तर ती कायम महागच दिसेल, कारण सरासरीतली कंपनी आता अस्तित्वातच नाही. तसंच जिनं मधे मोठी कंपनी विकत घेतली, किंवा अर्धा धंदा विकून टाकला, तिचं. कराचंही लक्षात ठेवा. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कर कमी झाला. आधी मोठ्या कंपनीला अधिभार, उपकर धरून शंभरातले जवळजवळ पस्तीस जायचे, सवलती सोडून नवा दर घेणाऱ्यांचे पंचवीसच्या आसपास जाऊ लागले. म्हणून त्याआधीचे नफे आजच्या मानानं जरा कमी दिसतात. जहाज कंपन्यांना कर बहुतेक टनेजवर, म्हणजे नफ्यावर नव्हे तर जहाजांच्या आकारमानावर बसतो, तेव्हा तुमच्या कागदाला याचा फारसा त्रास नाही. पण उद्या सिमेंटची कंपनी मांडायला घ्याल तेव्हा हे आठवा.

आणि ही पद्धत वेळ सांगत नाही. शिलर यांनी डिसेंबर १९९६ मध्येच अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हपुढे बाजार महाग असल्याचं मांडलं होतं. बाजार त्यानंतर तीन वर्षांहून जास्त चढतच राहिला आणि मग २००० मध्ये फुटला. तुमचा शेअरही ७५० वरून हजारावर जाऊ शकतो. तसं झालं तर घरात चर्चा होईल, मेहुणे आठवण करून देतील. ते सहन करायची तयारी ठेवा, हिशेब तेवढ्यानं चुकत नाही.

तर माझा सल्ला. वीस लाख आहेत तिथे राहू द्या. त्या योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून तीस लाख आहे, म्हणजे दहा लाखांची जागा शिल्लक आहे. साठीच्या आत निवृत्त झालेल्यांना तिथे पैसे भरायला मुदत असते, साठीनंतर नसते, तरी आधी बँकेत किंवा पोस्टात जाऊन तुमच्या बाबतीत काय लागू होतं ते विचारा. आठातले निदान पाच लाख अशा ठिकाणी असावेत जिथून दवाखान्यासाठी आठवड्याभरात काढता येतील. शेअर घ्यायचेच असतील तर उरलेल्यातून, थोडे थोडे, आणि या एका कंपनीत पन्नास हजारांच्या वर नाही.

या जातीच्या धंद्याला मी स्वतः दहा वर्षांच्या सरासरीच्या आठपटीहून जास्त पैसे देत नाही. ६३ च्या हिशेबानं ते पाचशेच्या जरा वर येतात. हा माझा नियम आहे, २००८ नंतर केलेला. कुठल्या शास्त्रात तो लिहिलेला नाही, तुम्ही तुमचा दहाचा केलात तरी चालेल. पण आकडा आत्ताच, भाव डोळ्यांपुढे हलत नसताना, वहीत लिहून ठेवा.

एक काम मात्र अजून करा. पुढच्या पानावर २००५-०६ ते २०१४-१५ ही दहा वर्षं मांडा. कंपनीच्या संकेतस्थळावर नसतील तर मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर जुने अहवाल शोधा. २०११ च्या आधी तुम्ही वापरलेला निर्देशांक नव्हता, तिथे शिमल्याच्या लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा घ्या, ज्यावर तुमचा भत्ता ठरत आला. त्याचा पाया मधे बदललाय, तेव्हा जोडणीचा गुणक लावायला विसरू नका. बोनस आणि फोड आधीच्याही बघा. हे मांडताना मेहुण्यांना शेजारी बसवा. तोट्याच्या वर्षाला त्यांनी 'अपवाद' म्हटलं म्हणून त्यांना बोल लावू नका. तीस वर्षं त्या धंद्यात काढलेला माणूस आहे, २००८-०९ ची ओळ आली की डिसेंबरमध्ये बॅलार्ड इस्टेटच्या ऑफिसांत काय वातावरण होतं ते तेच तुम्हाला सांगतील. त्या ओळीपुढे जो आकडा येईल तो शाईनं लिहा, आणि आधीच्या पानावर २०१८-१९ समोर उणे ८.